'जुनी रेल्वे लाइन, लातूर' : रूळ नसलेला पत्ता

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा लातूरचा, गेली बावीस वर्षं कल्याणला. परवा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, पत्ता 'जुनी रेल्वे लाइन, लातूर'. माझी मुलगी सातवीत आहे, तिने लगेच विचारलं, बाबा तिथे रेल्वे कुठेय, आपण तर स्टेशनवर उतरून रिक्षाने कितीतरी आत जातो तेव्हा आजोबांचं घर येतं. मग तिला सांगत बसलो की पूर्वी स्टेशन गावातच होतं, बारकी गाडी यायची, रूळ एवढे जवळजवळ होते. तिने दोन्ही हात पसरून विचारलं, एवढे? म्हटलं त्याहून थोडे कमी.

आजोबा त्या स्टेशनच्या मालधक्क्यावर आडत्यांचा माल उतरवून घ्यायचं काम करायचे. मी त्यांच्याबरोबर लहानपणी गेलोय पण आठवणी तुकड्यातुकड्यात आहेत. कोळशाचा वास, तुरीची धूळ, पुठ्ठ्याचं जाड तिकीट. लाइन बंद झाली, रूळ काढले, त्या जागेवरून आता गाड्या धावतात, मोटारगाड्या. नवीन स्टेशन गावाबाहेर झालं.

इथे बार्शी, कुर्डुवाडी, लातूर, पंढरपूरकडची बरीच मंडळी आहेत हे माहितीय. जुन्या लातूर स्टेशनबद्दल जे आठवतंय ते लिहा. स्टेशन कसं दिसायचं, गावासाठी काय होतं, आणि ते तिथून का हललं? मुलीला नीट सांगायचंय.

सहज_आलो

ती गाडी म्हणजे चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातलं ऊस-हुरडा काय मिळेल ते घ्यायचं आणि मागच्या डब्यात चढायचं! आमच्या मामाने शंभर वेळा सांगितलंय.

बार्शीची_लेक

सहज_आलो, हा किस्सा प्रत्येकाच्या मामाचा असतो :) पण खरं सांगू का, मला तो ऐकला की थोडं वाईट वाटतं. माझं माहेर बार्शी, आता मुलुंडला असते. आमच्याकडे तिला 'बार्शी लाइट' म्हणायचे, म्हातारी माणसं नुसतं 'लाइट'. बार्शीहून येडशीकडे चढ आहे, बालाघाटाचा, तिथे ती खरंच दमायची, धापा टाकायची, आणि आम्ही पोरं खिडकीतून तिला जोर दे जोर दे म्हणून ओरडायचो. पण त्या गाडीने माझ्या आईला शिकवलं. आई कॉलेजसाठी रोज बार्शीला यायची, पांगरीकडच्या एका खेड्यातून. एसटी पावसात चिखलात अडकायची तेव्हा गाडी यायची. उशिरा यायची, पण यायची.

गेजमास्तर

चांगला धागा. जरा इतिहास टाकतो, ज्यांना माहिती आहे त्यांनी पुढे सरकावं.

बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी १८९५ ला लंडनमध्ये स्थापन झाली. माणूस होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, इंग्रज इंजिनिअर, आधी आपल्या जीआयपी रेल्वेत नोकरीला होता, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पणजोबांकडे. जीआयपीची मुख्य लाइन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शीची एवढी मोठी पेठ बाजूला राहिली. निजामाच्या मुलखातला कापूस, धान्य, गळिताचा माल सगळा बार्शीला यायचा आणि तिथून बैलगाडीने स्टेशनपर्यंत. कॅलथ्रॉपने कुर्डुवाडी ते बार्शी लाइन टाकली, मार्च १८९७ ला सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनचं नावच 'बार्शी रोड' होतं.

मग १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर, आणि सगळ्यात शेवटी १९२७ ला मिरज. सगळी मिळून २०२ मैल. १९५४ पर्यंत कंपनीचीच होती, मग सरकारने घेतली आणि मध्य रेल्वेत आली.

म्हणजे मांजराकाठ, तुमचं लातूर स्टेशन १९११ चं. चार वर्षं तडवळ्यालाच शेवटचा थांबा होता.

नऊ_बावीस_स्लो

माथेरानच्या गाडीएवढीच ना ही? तेच गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर.

गेजमास्तर

नाही. माथेरानची गाडी १९०७ ची, दोन फूट गेज, ६१० मिलिमीटर. बार्शी लाइट अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. दिसायला फरक थोडा वाटतो पण खूप मोठा आहे. बार्शी लाइट ही डोंगरात फिरायला नेणारी गाडी नव्हती, पेठेचा माल ओढणारी होती.

आणि मामाच्या किश्श्यावर माझं म्हणणं असं. कॅलथ्रॉपची सगळी हुशारी एका गोष्टीत होती. कुठलीही लाइन महाग का होते, तर इंजिन जड असतं आणि रूळ त्या इंजिनाच्या वजनाला पुरतील एवढे जाड घ्यावे लागतात. मागचे डबे हलके असले तरी पैसे जाड रुळांचेच. याने ठरवलं की एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांच्या वर भार येऊच द्यायचा नाही, इंजिन असो की मालडबा. इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटून दिलं आणि डबे मात्र पुरेपूर भरता येतील असे बनवले. त्यामुळे यार्डभर म्हणजे तीन फूट लांबीला ३० पौंड वजनाचे बारीक रूळ पुरले. बारीक रुळावर भरपूर माल, वेग बेताचा. ती हळू होती कारण तिला तशीच बांधली होती, आणि म्हणून ती परवडली. जोरात धावणारी लाइन त्या काळात लातूरला कुणी टाकलीच नसती.

इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. गाड्या इकडे पाठवायच्या आधी १८९६ ला लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या होत्या. पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन १९०४ ला झाली ती याच धर्तीवर. बार्शीत आधी, इंग्लंडात नंतर.

ताई_शिवडीच्या

हे पाच टनांचं प्रकरण पहिल्यांदा कळलं. सासरे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला होते, त्यांच्या तोंडी सारखं 'आमची गाडी वजनात चोख' असायचं, आम्हाला वाटायचं म्हातारे अभिमानाने बोलतायत. आत्ता अर्थ लागला. सासरे असते तर आज फोन लावला असता.

जाता जाता, माथेरानचे डबे दुरुस्तीला कुर्डुवाडीलाच जातात. म्हणजे नेरळला जाऊन फोटो काढणाऱ्या मुंबईकरांनी कुर्डुवाडीला एक नमस्कार करायला हरकत नाही.

आडत_बाजार

लातूरचा आहे, सध्या वाशीला मार्केटात. लातूर पेठ कशी वाढली ते बघा तारखा लावून. गाडी आली १९११ ला. गंजगोलाईची आखणी १९१७ ची. मधोमध अंबाबाईचं देऊळ, गोल बाजार आणि त्याला सोळा रस्ते, एकेका रस्त्यावर एकेक व्यापार. एवढा बाजार आखायची हिंमत कशाच्या जोरावर झाली? माल बाहेर पाठवायची सोय झाली म्हणून. लातूरची तूरडाळ मुंबईच्या किराणा दुकानात पोचली ती आधी या बारक्या गाडीने कुर्डुवाडीला, तिथे हमालांनी पोती मोठ्या गाडीत टाकायची, मग मुंबई.

कुर्डुवाडीला हे दुसऱ्यांदा भरणं हाच सगळ्यात मोठा त्रास होता. पोतं फाटायचं, वजन घटायचं, आडत्या आणि हमाल यांची भांडणं. आमच्या आजोबांच्या वहीत 'कु.वाडी तूट' असा वेगळा रकाना असायचा.

मांजराकाठ

आडत_बाजार, 'कु.वाडी तूट' वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा हाच शब्द वापरायचे! घरात काही हरवलं, एखादा लाडू कमी भरला तरी म्हणायचे कुर्डुवाडी तूट. आम्हाला ती त्यांची एक म्हण वाटायची.

पंढरीची_वाट

आमच्या बाजूचंही सांगते. आषाढीला माणसं मालडब्यात बसायची, डबेच पुरायचे नाहीत. आजी सांगायची, दार उघडं, आत सतरंजी, टाळ चालू, आणि चंद्रभागा जवळ आली की सगळे उभे. लातूरच्या बाजूची वारकरी मंडळी कुर्डुवाडीला गाडी बदलायची. चालत जाणारे चालत जायचेच, पण म्हातारी, बाळंतीण झालेली, पाय अधू असलेली, त्यांना पंढरपूर या गाडीने दाखवलं.

कुर्ला_पूर्व

मी लातूरचा नाही, पण पत्त्यावरून आठवलं म्हणून लिहितो. कलिन्यातून कुर्ल्याकडे येणारा सीएसटी रोड सगळ्यांना माहितीय. दहातल्या नऊ जणांना वाटतं हे छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून आलं. नाही! ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ ला जीआयपीने ट्रॉम्बे ते अंधेरी अशी लाइन चालू केली होती, १९३४ ला बंद पण झाली. सहा वर्षं आयुष्य. रूळ गेले, नाव रस्त्यावर राहिलं, आणि आता त्या नावाचा अर्थही लोकांनी बदलून घेतला. तुमच्या लातूरच्या पत्त्याचं नशीब त्या मानाने चांगलं, निदान 'जुनी रेल्वे' असं स्वच्छ लिहितात.

नऊ_बावीस_स्लो

आयला, मी रोज सीएसटी रोडने जातो, हे माहीतच नव्हतं!! आणि माथेरानची चूक दुरुस्त केल्याबद्दल गेजमास्तरांचे आभार.

मुंबईतलंच अजून एक, कुलाबा स्टेशन. चर्चगेटच्या पुढे बीबीसीआयची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या आधीच्या कंपनीची, गाडी कुलाब्यापर्यंत जायची, १९३० संपता संपता बंद केलं. आता तिथे बधवार पार्क आहे. समोरून जाताना कळतसुद्धा नाही.

सहज_आलो

बार्शीची_लेक आणि गेजमास्तर, मी गंमत म्हणून लिहिलं होतं पण तुमचं वाचून मामाला फोन केला. मामा म्हणाला उतरून चढायचो ते येडशीच्या चढावरच, आणि दुसरं सांगितलं ते कधीच सांगितलं नव्हतं. त्याच गाडीने त्याचे वडील, माझे आजोबा, १९४८ ला घरातल्या बायकामुलांना घेऊन लातूरकडून बार्शीला आले होते, रझाकारांच्या भीतीने. जवळ फक्त एक ट्रंक. लातूर निजामाकडे, बार्शी भारतात, तिथे पोचलो की सुटलो असं वाटायचं. इतके दिवस मी फक्त हुरड्याची गोष्ट ऐकत होतो.

बार्शीची_लेक

सहज_आलो, मामांना लिहून ठेवायला सांगा, किंवा तुम्ही फोनवर रेकॉर्ड करा, आजच करा. बार्शीत असे कितीतरी लोक येऊन राहिले होते, सरहद्दीच्या अलीकडे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. आमच्या वाड्यात तीन कुटुंबं होती म्हणे, सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाल्यावर परत गेली. त्यातल्या एका घरातून अजून दिवाळीला फराळ येतो.

आडत_बाजार

सरहद्दीवरून अजून एक. गाडी एक होती पण राज्यं दोन. बार्शीत इंग्रजांचा कलदार रुपया, लातुरात निजामाचा हाली शिक्का. सात हालीला सहा कलदार असा साधारण हिशेब. निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, वेगळी. माल इकडून तिकडे गेला की करोडगिरी भरायची. त्यामुळे आडतीच्या दिवाणजीला रेल्वेची पावती, करोडगिरीची पावती आणि दोन नाण्यांचा हिशेब एवढं सगळं डोक्यात ठेवावं लागायचं. आजच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी करून दाखवावं.

बालाघाटी

तडवळ्याचं नाव वर आलं म्हणून. कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांनी महार-मांग वतनदार परिषद घेतली होती. निजामाच्या आणि इंग्रजांच्या मुलखाच्या काठावरचं गाव, दोन्हीकडून माणूस आला. माझे पणजोबा गेले होते. या लाइनचा इतिहास लिहायचा तर तो फक्त डाळीच्या पोत्यांचा लिहू नका, या गावाचं नाव त्यात मोठ्या अक्षरात आलं पाहिजे.

मांजराकाठ

बालाघाटी, हे मुलीला नक्की सांगणार. आमच्या घरी तडवळं म्हणजे फक्त एक स्टेशन म्हणून माहिती होतं.

विदर्भवासी

आमच्या शकुंतलेची, म्हणजे इकडच्या बारक्या गाडीची, आठवण आली. मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर. गेज तुमचंच, अडीच फूट, आणि काम पण तेच, वऱ्हाडातला कापूस. ती तर स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्याच मालकीची राहिली. तुमच्याकडे निदान मोठी लाइन, ब्रॉडगेज, आली हो, आमच्याकडे रुळावर गवत वाढतंय अन आम्ही निवेदनं देतोय.

रोखठोक

सगळ्यांच्या भावना समजतात पण एक विचारतो. बारकी गाडी गेली म्हणून एवढं हळहळायचं कशाला? मी निलंग्याकडचा. लहानपणी मुंबईला यायचं म्हणजे लातूर, तिथून बारकी गाडी, कुर्डुवाडीला उतरून सोलापूरकडून येणाऱ्या गाडीची वाट बघत फलाटावर झोपायचं, आणि त्या गाडीत उभं राहायला जागा नाही. आज लातूर एक्सप्रेसमध्ये रात्री झोपलो की सकाळी ठाणे. कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज २००८ ला झाली नसती तर आमची पोरं इथे शिकायला आली असती का?

आणि २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला पाणी आणलं रेल्वेने. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी म्हणजे टाकीचे मालडबे, एकेकीत पन्नास हजार लिटर, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. पाच टनांच्या आसावर आणि बारीक रुळावर ही वाघीण उभी तरी राहिली असती का? माझी आई तेव्हा लातुरात होती, नळाला पाणी येऊन महिना झालेला. आम्हाला ब्रॉडगेजने वाचवलं.

गेजमास्तर

रोखठोक, वाघिणीबद्दल शंभर टक्के बरोबर. नुसत्या पन्नास हजार लिटर पाण्याचं वजनच पन्नास टन, वाघिणीचं वेगळं. चार आसांवर वाटलं तरी एकेकावर साडेबारा टनांच्या वर जातं. नॅरोगेजचा प्रश्नच येत नाही.

पण एक बघा. ती पाण्याची गाडी मिरजेहून निघाली, पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला आली. हा रस्ता कोणाचा? मिरज आणि लातूर ही बार्शी लाइटची दोन टोकं. १९२७ ला जी टोकं जोडली त्याच टोकांमधून नव्वद वर्षांनी पाणी आलं. आखणी काही ठिकाणी बदलली, धाराशिवला आधी गाडी जात नव्हती ती आता जाते, पण मूळ वाट तीच. मोठी गाडी बारक्या गाडीच्या पाऊलवाटेवरून चालतेय.

रोखठोक

हे मान्य. असा विचार केला नव्हता. आईला सांगतो.

ताई_शिवडीच्या

दोघांचंही पटलं. गाडी मोठी व्हायलाच हवी होती, पण म्हणून जुन्या स्टेशनच्या जागेवर साधी एक पाटीसुद्धा नसावी का? काही वर्षांपूर्वी आम्ही एका कार्यालयात सासऱ्यांच्या जुन्या फोटोंच्या प्रती द्यायला गेलो होतो, फुकट, त्यांनी ठेवून घ्यावेत म्हणून. दोन तास बसवलं आणि शेवटी म्हणाले कुठे ठेवणार. परत आणले. अजून कपाटात आहेत. सत्तावीस फोटो आहेत, तीन लातूर स्टेशनचे. मांजराकाठ, स्कॅन करून पाठवते.

मांजराकाठ

ताई!! नक्की पाठवा. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

हवाहवाई_नाही

धागा भरकटवतोय पण राहवत नाही. हाच कॅलथ्रॉप पुढे पॅराशूट बनवायला लागला. विमानातून माणूस जिवंत खाली यावा म्हणून याने 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट केलं आणि १९१७ ला एकाने ते घेऊन लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून दाखवली. बार्शीला रूळ टाकणारा माणूस तोच.

पंढरीची_वाट

वजन किती आणि ते पेलणार कशावर, एवढाच विचार आयुष्यभर केला म्हणायचा त्याने. रुळावर पण आणि हवेत पण.

मांजराकाठ

चार दिवसांनी येतोय. काकांशी बोललो, ते ऐंशीच्या पुढे आहेत, लातुरातच असतात. मूळ प्रश्नाची उत्तरं मिळाली ती लिहितो.

स्टेशन कसं होतं : फलाट उंच नव्हताच, जमिनीलगत. गाडीच बुटकी, दोन पायऱ्या चढलं की आत. पत्र्याचं छप्पर, तिकिटाची एक खिडकी, बाजूला मास्तरांची खोली, तिच्या दाराशी लिंबाचं झाड. मालधक्का दुसऱ्या बाजूला, तिथे बैलगाड्या थेट डब्याला लावायचे. गाडी यायच्या वेळी घंटा व्हायची. घंटा म्हणजे रुळाचाच एक हातभर तुकडा टांगलेला आणि त्यावर लोखंडी खिळा. तो आवाज आला की अख्ख्या गल्लीत 'येऊलाली, येऊलाली' सुरू. हे सांगताना काकांनी फोनवर तोंडाने तो आवाज काढून दाखवला.

तिथून का हललं : काका म्हणाले गाव स्टेशनच्या भोवती वाढलं, आणि वाढता वाढता रुळांना चिकटलं. गावात फाटकं, फाटक पडलं की दोन्हीकडे रांगा. बारकी गाडी वाकडीतिकडी वळून घरांच्या मधून जाऊ शकते, मोठ्या गाडीला वळण मोठं लागतं, यार्डाला जागा लागते, ती गावात राहिली नव्हती. म्हणून बाहेर नेलं. आणि मग म्हणाले, "स्टेशनमुळंच गाव वाढलं, अन मग गावानंच स्टेशन बाहेर काढलं." राग नव्हता त्यांच्या आवाजात. आता लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना झालाय, त्याचं त्यांना फार कौतुक आहे.

मुलीने सगळं ऐकलं आणि पट्टीने ७६२ मिलिमीटर मोजून हॉलच्या फरशीवर खडूने दोन रेघा मारल्यात. बायकोने अजून पुसल्या नाहीत.

लग्नाला जातोय. रविवारी सकाळी उन्हाच्या आधी काकांना घेऊन जुन्या लाइनवरून चालायचं ठरवलंय, झेपेल तेवढं. कुणी तिकडे असेल तर या.

आडत_बाजार

मी आहे त्या आठवड्यात गावी. येतो. वही पण आणतो, 'कु.वाडी तूट' काकांना दाखवू.

बार्शीची_लेक

मला जमणार नाही पण काकांना एक विचारा, तो घंटेचा रुळाचा तुकडा शेवटी कुणी नेला?

मांजराकाठ

विचारलं आत्ताच फोन करून. म्हणाले, या तर खरं रविवारी, दाखवतो.